लाथेवर चालणारा ब्लोअर

आमच्या गाडीचा ब्लोअर लाथेवर चालायचा. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याने पुढच्या कप्प्याखाली, जरा आतल्या अंगाला, टाचेने एक सणसणीत लाथ घातली की आधी डुकराच्या पिलासारखी किंकाळी यायची आणि मग हवा. लाथ हलकी पडली तर नुसतीच किंकाळी. त्यामुळे त्या सीटवर कोण बसणार हे आमच्या घरात मानपानावर नाही, टाचेवर ठरायचं. माझ्या नवऱ्याची टाच अगदीच कुचकामी. तो कंपनीत क्वालिटीला आहे. आधी वाकून बघतो, मग नेम धरतो, तोवर काच पांढरी झालेली असते. सासूबाईंची लाथ मात्र अशी बसायची की ब्लोअर त्यांना वचकून होता.

गाडी सासऱ्यांची. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही. लग्नानंतर मी शिरूरला दातांचा दवाखाना टाकला तेव्हा आबांनी गाडी मला दिली. दिली म्हणजे चावी दिली. गाडीविषयीचे अधिकार स्वतःकडे ठेवले. ते आणि सासूबाई दौंड तालुक्यात भीमेकाठच्या गावात राहतात, आम्ही दोघं शिरूरला. आठवड्यातून एकदा तरी मी न्हावऱ्यावरून गावाकडे जायची आणि येताना दूध, भाजी आणि गाडी कशी चालवावी याच्या सूचना घेऊन यायची.

पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, तुमच्याकडे गाडीत गरम हवा कशाला लागते? त्यांनी एकदा जानेवारीत उजाडताना भीमेचा पूल ओलांडून बघावा. दोन्ही बाजूंना ऊस, उसातून पाणी सोडलेलं, आणि धुकं असं की पुढच्या ट्रॉलीचा लाल दिवा दिसेपर्यंत आपण तिच्या उसात नाक खुपसलेलं असतं. बाहेरच्या धुक्याला वायपर आहे. आतल्या वाफेला फक्त ब्लोअर.

त्या जानेवारीत सासूबाईंची खालची कवळी टोचायला लागली. मी बनवलेली कवळी टोचते हे त्या गावभर सांगत होत्या, म्हणून मी घाईने त्यांना घेऊन शिरूरला निघाले. आत आमच्या दोघींचे श्वास आणि त्यांच्या धाकट्या जावेची संपूर्ण हकीकत. काच दुधासारखी झाली.

“आई, लाथ,” मी म्हटलं.

त्यांनी घातली. पण थंडी म्हणून त्यांनी पायात लेकाचे लोकरी मोजे चढवले होते. टाच सटकली, त्या सीटवरून अर्ध्या खाली घसरल्या, मी त्यांना धरायला डावा हात टाकला आणि गाडी अगदी सभ्यपणे, बैलगाडीच्या वेगाने, रस्ता सोडून कुणाच्या तरी उसात शिरली.

फडातून एक माणूस बाहेर आला. तोंडात मशेरी. दातांची डॉक्टर असल्यामुळे मी आधी तेच बघितलं.

“ताई,” तो म्हणाला, “ऊस पायजे व्हता तं मागायचा. गाडी घिऊन आत यायचं काय काम?”

सासूबाईंनी पदर सावरला, कवळी बसवली आणि गाडीत बसूनच त्याला विचारलं, “तू कुणाचा रं?” तो त्यांच्या माहेरकडून लांबचा भाचा निघाला. मग त्यानेच ट्रॅक्टर लावून आम्हाला बाहेर ओढलं आणि वर डिकीत उसाची मोळी टाकली. तरीही उरलेला सगळा रस्ता सासूबाई गप्प होत्या. घटना म्हणून ही उसात जाण्यापेक्षा मोठी होती.

शिरूरच्या गॅरेजवाल्याने गाडीला लाथ घालून बघितली, कान लावला आणि सांगितलं की अख्खं युनिट बदलावं लागेल, ते पुण्याहून मागवावं लागेल. मी आबांना फोन केला. इथंच माझं चुकलं.

“युनिट?” आबा म्हणाले. “पंख्याला युनिट म्हंत्यात व्हय? पाच एचपीची पाण्याची मोटर खोलतो मी, आन् ह्ये खेळणं दुसऱ्याला द्यायचं? गुरुवारी घिऊन ये. कुणाला हात लावू द्यू नको.”

गुरुवारी माझा दवाखाना बंद असतो, म्हणून त्यांनी गुरुवार सांगितला असं मी समजले. खरं कारण वेगळं होतं. गावच्या दूध सोसायटीची निवडणूक लागली होती, आबांनी अर्ज भरला होता आणि गुरुवार अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता.

इथे आबांचा छंद सांगावा लागेल. कुणाला भजनाचा असतो, कुणाला पत्त्यांचा. आबांना अर्ज भरण्याचा. गावात कुठलीही निवडणूक बिनविरोध होतेय असं कळलं की आबा दौंडला जाऊन अर्ज भरून येत. निवडून यायची त्यांना तिळमात्र इच्छा नसे. अर्ज भरला की गावातली मोठी माणसं घरी यायला लागत. चहा होई. “आबा, तुम्ही जुने जाणते, तुम्हीच समजून घ्यायचं.” आबा छताकडे बघत “इचार करतो” म्हणत. हे चांगले आठ-दहा दिवस चाले. शेवटच्या दिवशी आबा त्या मोठ्या माणसांच्याच गाडीत बसून दौंडला जात, अर्ज मागे घेत, आणि संध्याकाळी फेटा बांधून, नारळ घेऊन घरी येत. माळ्यावर एक पेटी आहे, तिच्यात फक्त फेटे आहेत. आयुष्यात एकही निवडणूक न लढवता एवढे सत्कार झालेला दुसरा माणूस तालुक्यात नसावा.

तर त्या गुरुवारी लोक न्यायला येणार हे आबांना पक्कं माहीत होतं. आणि येतील तेव्हा आपण ओट्यावर वाट बघत बसलेलो दिसू नये, कामात दिसावं, ही त्यांची इच्छा. ब्लोअर त्यासाठी अगदी वेळेवर बिघडला होता.

मी पोचले तेव्हा अंगणात पोतं अंथरून हत्यारं मांडलेली. आबांनी पुढचा कप्पा उपसून काढला, उताणे होऊन आत शिरले, तीन स्क्रूंपैकी दोन सहज सोडले, तिसरा मागच्या बाजूला लपलेला होता तो शिव्या घालून सोडला, आणि मोटर पंख्यासकट त्यांच्या छातीवर आली. पंखा कसला, उंदराचं बाळंतपण झालं होतं त्यात. सीटमधला स्पंज, शेंगांची टरफलं, माझ्या दवाखान्यातला कापूस, आणि कुठल्याशा आमंत्रणपत्रिकेचा गणपती, कुरतडलेला पण सोंडेसकट.

“बघ,” आबा विजयाने म्हणाले. “युनिट म्हनं.”

मोटर खोलली तर आतले कार्बन, म्हणजे वीज पोचवणारे काळे तुकडे, झिजून शेंगदाण्याच्या पापुद्र्याएवढे राहिले होते. म्हणून लाथ लागत होती. हादरा बसला की ते कसेबसे टेकायचे. नवे कार्बन दौंडला मिळाले असते. पण दौंडला नंतर मानाने जायचं होतं, कार्बन आणायला कोण जाणार? आबा स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा मुठीत दोन छोटे काळे तुकडे होते. ते कानशीने घासत बसले. मी विचारलं नाही. मोटरच्या दांड्याच्या बुशला शिलाई मशीनचं तेल दिलं, पंखा धुऊन वाळवला, बॅटरीला थेट वायर लावून बघितली तर मोटर भिंगरीसारखी फिरली. आबांचा चेहरा असा उजळला की मलाही खरंच बरं वाटलं. कितीही चेष्टा करा, बंद पडलेली वस्तू आपल्या हाताने फिरायला लागली की माणूस त्या दिवसापुरता शहाणा असतो.

आता परत बसवायचं. आबा पुन्हा उताणे होऊन शेजारच्या सीटपुढच्या, पाय ठेवायच्या जागेत डोकं घालून आत गेले. पाठ दाराच्या उंबऱ्यावर, पाय अंगणात. दोन्ही हातांनी मोटर वर दाबून धरली. दोन स्क्रू मी बसवले. तिसऱ्याचं भोक दिसेना. मग मी पर्समधून तोंड तपासायचा माझा आरसा काढला आणि एक लांब चिमटा.

“आबा, मान जरा डावीकडे. आ नका करू, सवयीनं म्हणतेय.”

“मला दिसंना, तुला काय दिसतंय?”

“किडलेली दाढ काढल्यावर जसं दिसतं तसं.”

मी चिमट्यात स्क्रू धरून तो भोकाशी नेत होते, तेवढ्यात अंगणात गाडी येऊन थांबली. नवी, पांढरी, आतल्या सीटा सायीच्या रंगाच्या. तिच्यातून सोसायटीचे चेअरमन उतरले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. गेली कित्येक वर्षं तेच चेअरमन आणि तेच कपडे. त्यांच्याबरोबर चाचा. चाचा म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, घरच्या चार म्हशी, सोसायटीच्या संचालक मंडळात चेअरमनच्या बाजूने. आबा कुणाचं ऐकत नसले तरी चाचांचं ऐकतात, म्हणून त्यांना आणलं होतं.

“आबा कुठायत?” चेअरमननी विचारलं.

माझ्या एका हातात आरसा, दुसऱ्यात चिमटा होता, म्हणून मी हनुवटीने पाय दाखवले.

“आबा,” चेअरमन पायांना उद्देशून म्हणाले, “चला. तीनला हापिस बंद व्हतंय. मागच्या खेपंला सहीवरून घोळ झाला, म्हनून साहेब म्हनतोय, माणूस सोता समोर पायजे.”

“कामात हाय,” गाडीच्या पोटातून आवाज आला.

“आवो, येऊन करा काम.”

“इचार करतो.”

पायांशी बोलून काही उपयोग नाही हे चेअरमनच्या लक्षात आलं. ते वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि डॅशबोर्डखाली वाकून आबांशी बोलायला लागले. आबांचं तोंड उलटं, चेअरमनचं तिरकं. मी दाराशी उकिडवी, हातात आरसा. आरशात मला कधी स्क्रू दिसे, कधी चेअरमनच्या मिशा.

आबांना असा आनंद मी क्वचित दिला असेल. एरवी विनवण्या करणारे ओट्यावर समोर बसत. आज थेट पायाशी, किंबहुना डोक्याशी वाकले होते. आबांनी एकेक विषय काढला. दुधाची फॅट मोजायचं मशीन कुणाचं दूध आलं की बिघडतं? सोसायटीच्या दारातला दिवा दोन वर्षं का लागत नाही? चेअरमन “बघतो, करतो, झालंच समजा” म्हणत होते आणि मनगटावरचं घड्याळ बघत होते. चाचा अंगणातल्या बाजेवर बसून निवांत तंबाखू मळत होते.

मध्येच सासूबाई मिक्सरचं भांडं हातात घेऊन बाहेर आल्या. भांड्यात अर्धवट वाटलेलं खोबरं.

“मिक्सर का फिरंना?”

आबांचे पाय जरा आखडले. सासूबाईंनी पोत्यावरची कानस बघितली, शेजारची काळी पूड बघितली, आणि पायांकडे बघून म्हणाल्या, “माझ्या मिक्सरचं काळीज काढून त्या डबड्याला लावलं व्हय?”

“आगं, उद्या आणतो नवं.”

“आन् आता पाव्हण्यास्नी चटणी काय पाट्यावर वाटू?”

“चटणी नको, वहिनी, आमास्नी फक्त आबा द्या,” चेअरमन काकुळतीला येऊन म्हणाले.

शेवटी आबांचं मन भरलं. तिसरा स्क्रूही माझ्या चिमट्याने जागेवर बसला. फक्त वायरीचा सॉकेट लावायचा राहिला होता. तो आबांच्या उजव्या हातात होता. “बरं,” आबा मोठ्या मनाने म्हणाले. “गावासाठी येतो. एवढं लावतो आन् निघू.” आणि उठायला गेले.

उठले नाहीत. “आय आय आय,” एवढंच आलं.

कमरेत उसण भरली होती. इतका वेळ लोखंडी उंबऱ्यावर पाठ टाकून राजकारण केल्यावर दुसरं काय होणार? आबांना ना वर येता येईना ना खाली. मला सगळ्यांनी एकदम विचारलं, “डॉक्टर, काय करायचं?” मी म्हटलं, माझा अभ्यास जबड्यापर्यंत आहे.

“वढा,” चेअरमन म्हणाले. ते आतून खांदे ढकलणार, चाचा आणि मी बाहेरून पाय ओढणार. चेअरमन दोन्ही सीटांवर आडवे होऊन डॅशबोर्डला छाती टेकून वाकले. “एक, दोन...” आबांनी आधारासाठी हात वर मारला. हातात सॉकेट होता. तो जिथे बसायचा तिथे खट्‌कन बसला.

आता, मोटर बसली की लगेच बघायची म्हणून आबांनीच मला मघाशी चावी फिरवून ठेवायला लावली होती. आणि ब्लोअरचं बटण तर वर्षानुवर्षं चारवरच होतं. एक-दोन-तीन कधीच जळून गेले होते आणि लाथेच्या कारभारात बटण बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. हवेची दिशा, हिवाळा म्हणून, काचेकडे.

विमान उडाल्यासारखा आवाज झाला आणि काचेखालच्या फटींतून गाडीचा सगळा इतिहास बाहेर आला. आधी धूळ. मग पिवळा भंडारा. सासूबाई प्रत्येक देवदर्शनाहून आल्यावर डॅशबोर्डवर भंडारा, अंगारा, कुंकू उधळायच्या, आणि ते त्या फटींतून आत झिरपत होतं. आणि मग गुलाल. आबा स्वतः कधी निवडून आले नाहीत, पण जो येईल त्याच्या मिरवणुकीला ही गाडी हौसेने द्यायचे. प्रत्येक मिरवणुकीतला गुलाल आत साठून वाट बघत होता. तो काचेवर आपटून परत फिरला आणि चेअरमनच्या तोंडावर, मिशांत, कॉलरीत, त्या कडक पांढऱ्या छातीवर बसला.

चेअरमन बाहेर आले तेव्हा कमरेच्या वर गुलाबी, मध्येमध्ये पिवळे, आणि डोळे मिटलेले.

“चालू झाला का?” आतून आबांनी विचारलं.

“झाला,” मी म्हटलं.

“लाथ न मारता?”

“न मारता.”

“युनिट म्हनं,” आबा कण्हत म्हणाले.

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी फोटो काढला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो चेअरमनच्या डोळ्यातली धूळ निघायच्या आत पोचला. ‘मतदानाआधीच गुलाल. अभिनंदन, चेअरमन.’

बराच वेळ ओढल्यावर आबा एकदाचे बाहेर निघाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या कमरेला गरम तेल चोळलं, जरा जास्तच जोर लावून. मिक्सरचा हिशोब त्यातच मिटवला असावा. मी वेदनेची गोळी दिली. शेवटी आबांना चौघांनी उचलून आमच्याच गाडीच्या पुढच्या सीटवर, सीट मागे पाडून, पालथा हंडा ठेवावा तसं ठेवलं. आपल्या नव्या गाडीच्या सायीसारख्या सीटांवर गुलालाने माखून बसायची चेअरमनची हिंमत झाली नाही. तेही आमच्यातच, मागे, चाचांशेजारी. मी गाडी दौंडकडे सोडली.

ब्लोअर बंद करायला मी हात पुढे केला तर आबा ओरडले, “चालू राहू दे! कार्बन नवं हाय, बसाया पायजे.” त्यामुळे दौंडपर्यंत आतून गुलाल निघत राहिला. खिडक्या उघडल्या तर तो बाहेर जाण्याऐवजी फिरायला लागला. चाचांची पांढरी दाढी गुलाबी झाली. मी आरशात बघितलं, माझ्या भुवया गुलाबी होत्या. वाटेत ऊसतोडीच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक चालल्या होत्या, त्यांच्या मागे आम्ही. ओव्हरटेकला जागा नाही. चेअरमन मागून “घाला, घाला, मॅडम” म्हणत होते. मी म्हटलं, “मी एकदा घातलीय उसात, परत नाही.”

हापिसात पोचलो तेव्हा साहेब दरवाजाच्या कडीला हात लावून उभे होते. त्यांनी आम्हाला चौघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. आबा चाचांच्या खांद्यावर वाकडे लटकलेले.

“कुठला निकाल लागला?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, माघार,” चेअरमन धापा टाकत म्हणाले.

“तीन वाजून गेले.”

चेअरमननी भांडून बघितलं, विनवलं, कुणाकुणाला फोन लावले. साहेबांनी शांतपणे कडी घातली. मी आबांकडे बघितलं. आयुष्यभर आपण ज्या दारातून हसत बाहेर आलो ते दार आपल्यासमोर बंद होतंय, असा तो चेहरा होता. दात काढावा लागेल म्हटल्यावर माझे पेशंट असेच बघतात.

परतताना गाव जवळ आल्यावर आबांनी हळूच विचारलं, “पोरी, अर्ज ऱ्हायला म्हंजी आता काय करायचं आस्तं?”

“प्रचार.”

“म्हंजी लोकांच्या घरी जायाचं?”

“व्हय,” मागून चाचा म्हणाले. “तुझ्या घरी यिऊन यिऊन लोकांचं पाय झिजलं. आता तू जा.”

आबांना चिन्ह मिळालं शिट्टी. नवऱ्याने हौसेने पोतंभर शिट्ट्या आणल्या. गावच्या शाळेतून हेडमास्तरांची तक्रार येईपर्यंत त्या मुलांनी वाजवल्या. पहिल्या दिवशी आबा घराबाहेर पडायला तयार होईनात. त्यांना लोकांच्या विनवण्या ऐकायची सवय, स्वतः मागायची नाही. शेवटी सासूबाईंनी त्यांना हाताला धरून शेजारच्या घरी नेलं. तिथे आबा बाजेवर बसले आणि म्हणाले, “मला मत द्या न्हाईतर नका दिऊ, पर चहा नको, लई झाला.” ह्यापलीकडे त्यांचं भाषण कधी गेलं नाही. पण त्यांना म्हशींचं कळत होतं. कुठल्या म्हशीचं दूध का आटलं यावर ते तासभर बोलायचे, मताचं विसरून घरी यायचे, आणि मग सासूबाई परत पाठवायच्या.

चेअरमनलाही दारोदार फिरावं लागलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. आधी गाव आबांवर चिडलं होतं, उगाच खर्च, उगाच धावपळ. मग मजा यायला लागली. बायका चेअरमनला दारात उभं करून फॅटच्या मशीनबद्दल विचारायला लागल्या. मतदानाच्या आधीच सोसायटीच्या दारात नवा दिवा लागला.

आबा पडले. साफ पडले. निकाल ऐकला, चेअरमनच्या गळ्यात हार घातला, घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि झोपले. आम्ही सगळे घाबरून हळू बोलत होतो. सकाळी उठले तर प्रसन्न. “एवढी मतं मला कुणी दिली?” त्यांना तोच प्रश्न पडला होता. कारण मतं अपेक्षेपेक्षा चांगलीच जास्त होती. घरची, भावकीची, शेजारची सगळी धरली तरी हिशोब लागेना.

त्यातलं एक मला ठाऊक आहे. चाचा नंतर कवळीचं माप द्यायला शिरूरला आले होते. खुर्चीत आडवे झाल्यावर माझा हात तोंडात जायच्या आत घाईघाईने म्हणाले, “डॉक्टर, एक सांगतो, आबाला सांगू नको. त्या दिशी तू जोरानं वढत व्हतीस, मी नुस्तं धरलं व्हतं.”

“का?”

“म्हनलं, ऱ्हाऊ दे ह्याचा अर्ज. ह्यानं सगळ्या जल्मात एकदा तरी हरून बघावं. मत मातुर मी त्यालाच दिलं.” आणि त्यांनी आ केलं.

मी सांगितलं नाही. आबांचा शोध अजून चालू आहे. कुणी मत दिलं कळत नाही, म्हणजे कुणीही दिलं असेल. म्हणून ते आता सगळ्यांशी गोड बोलतात. ज्यांच्याशी बांधावरून वर्षानुवर्षं अबोला होता त्यांनाही रामराम घालतात. परवा त्यांना डोळे तपासायला शिरूरला आणलं. बाजारपेठेतून चाललो होतो, आबा खिडकीतून हात बाहेर काढून भाजीवाल्यांना, एसटीच्या कंडक्टरला, रस्ता ओलांडणाऱ्या बायकांना नमस्कार करत होते.

“आबा, हे शिरूर आहे,” मी म्हटलं. “इथं तुमचं मतदान नव्हतं.”

“आसंल,” ते म्हणाले, आणि बांगड्यांच्या दुकानातल्या माणसाला हात जोडले. “पर त्यांचे पाव्हणे आस्त्याल की आपल्याकडं.”